टफन काचेवर पॉलिश पेपर फिरवू नका: त्या मेसेजला उत्तर

पारोळ्याला माझी फुई, म्हणजे आत्या, असते. तिच्या भिशीच्या ग्रुपवर आलेला एक मेसेज तिनं मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘हाई खरं शे का रे भाऊ?’ मी फोन करेपर्यंत तिनं हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपर आणून काचेच्या शेगडीवर, उजव्या बर्नरजवळ, घासायला सुरुवातही केली होती. तोच मेसेज मग दुकानात गिऱ्हाइकं दाखवायला लागली. काच आणि ॲल्युमिनियमच्या कामात माझं आयुष्य चाललंय, त्यामुळे ‘असेल काहीतरी’ म्हणून सोडून देणं मला जमणार नाही. घराघरांत लोक हे करून बघतायत.

मेसेज असा आहे: ‘टफन काचेवरचा कोणताही ओरखडा घरच्या घरी घालवा, काच बदलायचे हजारो रुपये वाचवा. एक, टूथपेस्ट किंवा खायचा सोडा चोळा. दोन, अंड्यातला पांढरा भाग आणि तुरटी गरम करून लावा. तीन, खोबरेल तेल लावा. चार, ओरखडा खोल असेल तर 120 नंबरचा पॉलिश पेपर मारा, मग गाडीचं पॉलिश करा. पाच, तरीही राहिला तर मेणबत्तीनं तापवून लगेच बर्फ लावा, काच वितळून ओरखडा भरतो. सहा, गाडीच्या पुढच्या काचेचा तडा भरता येतो, मग टफनचाही येतो. सात, मोबाइलचं टेम्पर्ड 9एच असतं, हिऱ्याशिवाय त्यावर कशाचाच ओरखडा उठत नाही, जो दिसतो तो नुसता मळ. वेळीच घासलं नाही तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात काच आपोआप फुटते.’ शेवटी ‘सरकारी लॅबमध्ये सिद्ध’ असं लिहिलंय. लॅब कोणती, ते कुठेच नाही.

चौथा आणि पाचवा मुद्दा सगळ्यात वाईट आहेत, म्हणून आधी तेच घेतो.

टफन काच म्हणजे वेगळ्या मसाल्याची काच नव्हे. साधीच काच मापाप्रमाणे कापून, भोकं पाडून, कडा घासून भट्टीत घालतात. सुमारे 620 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि बाहेर काढताच दोन्ही बाजूंनी हवेचे जोरदार झोत सोडतात. वरचा थर लगेच थंड होऊन घट्ट होतो, आतला गर मागाहून थंड होतो. मागाहून थंड होणारा गर आक्रसायला बघतो, पण बाहेरचा थर तोवर कडक झालेला असतो. बैलगाडीच्या लाकडी चाकावर तापवलेली लोखंडी धाव चढवतात, ती थंड होताना आवळते आणि लाकूड दाबून धरते, तसंच इथं होतं: आतला गर ताणात राहतो आणि वरचा थर कायमचा दाबात. हा दाबलेला थर प्रत्येक बाजूनं जाडीच्या साधारण पाचव्या भागाइतका असतो. 6 मिमी काचेत तो सव्वा मिमीच्या आसपास भरतो. टफन काच साध्या काचेपेक्षा चार-पाच पट मजबूत असते ती या थरामुळे. तिची सगळी ताकद वरच्या कातडीत आहे, आणि मेसेज सांगतो की ती कातडीच घासून काढा.

ओरखडा म्हणजे खड्डा, तो सपाट केला की काम झालं, असं लोकांना वाटतं. त्याचं उत्तर ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज इंजिनिअरनं 1921 सालीच रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात देऊन ठेवलंय. काच हिशेबाप्रमाणे जेवढी मजबूत असायला हवी, त्याच्या किती तरी कमी भाराला ती का तुटते, हा त्याचा प्रश्न होता. काचेचे बारीक धागे ओढून, तोडून त्यानं दाखवलं की दोष काचेत नसून तिच्यावरच्या बारीक चिरांमध्ये आहे. चिरेच्या टोकाशी ताण एकवटतो, आणि चीर जितकी खोल तितकी काच कमी भाराला जाते. काच तुटण्याचा आजचा सगळा हिशेब त्याच निबंधावर उभा आहे. आता पॉलिश पेपरकडे बघा. 120 नंबरच्या पेपरवरचा कण साधारण मिमीच्या आठव्या भागाएवढा असतो. काळा वॉटर पेपर सिलिकॉन कार्बाइडचा असतो, तो काचेपेक्षा कितीतरी कठीण. तो काचेवर फिरवला की एका ओरखड्याच्या जागी शेकडो ओरखडे पडतात आणि त्यांच्याखाली न दिसणाऱ्या चिरा आत जातात. वर पॉलिश मारून चमक आली, तरी खालच्या चिरा तशाच राहतात.

लोक म्हणतात, ‘आम्ही घासलं, काही झालं नाही.’ बरोबर आहे, घासताना बहुतेक वेळा काही होत नाही. चिरा दाबाच्या थरातच थांबलेल्या असतात आणि दाब त्यांना मिटवून धरतो. मेसेज खरा वाटतो तो म्हणूनच. पण ती काच शेगडीची आहे. त्या जागेवर उद्या डाळीचा भरलेला कुकर आदळणार आहे. बर्नरबाहेर पसरणारं मोठं पातेलं किंवा मांड्यांचं खापर ज्योतीची धग खाली काचेकडे ढकलणार आहे, आणि गरम काचेवर कुणीतरी ओलं फडकं फिरवणार आहे. एक चीर जरी आतल्या ताणाच्या भागापर्यंत पोचली, तरी काच तिथल्या तिथं तडकून थांबत नाही. तडा सेकंदाला दीड किलोमीटरच्या आसपास वेगानं पळतो आणि अख्खी काच एकदम बारीक बोथट तुकड्यांत उडते. तुकडे बोथट असतात हे खरं, पण वर उकळतं तेल किंवा शेवभाजीचा रस्सा असेल आणि शेजारी पोर उभं असेल तर त्या बोथटपणाचा काय उपयोग?

आता मेणबत्ती आणि बर्फ. हा मुद्दा वाचून मला खरंच संताप आला. शेगडीची, खिडकीची काच मऊ पडायला सातशे अंशांच्या वर तापावी लागते. मेणबत्तीनं त्यावर फक्त काजळी धरते. तापवल्यानं ओरखडे भरत असते तर बर्नरभोवतीची काच रोज तापते, तिच्यावर एकही ओरखडा उरला नसता. आणि समजा, कुणी टॉर्चनं एवढी तापवलीच, तर त्या जागचा टफनपणा जातो आणि उरलेल्या काचेशी ताण बिघडतो. त्यावर बर्फ ठेवायचा म्हणजे वरचा थर एकदम आक्रसून ताणात जाणार, नेमका जिथं आधीच ओरखडा आहे तिथं. चांगली टफन काच दोनशे अंशांच्या आसपासचा फरक सोसते, पण तो आकडा धड काचेचा आहे, घासून खराब केलेल्या काचेचा नाही. हे कृपा करून कुणीही करू नका. ग्रुपमध्ये कुणी टाकलं असेल तर त्याला फोन करून काढायला लावा.

टूथपेस्ट, सोडा, तुरटी, अंडं यांना जास्त वेळ देत नाही. घासणारी वस्तू काचेपेक्षा कठीण नसेल तर ती काच झिजवत नाही. कठीणपणाच्या मोहस मापावर (सगळ्यात वर हिरा, दहा) काच साडेपाच-सहाच्या आसपास येते. टूथपेस्टमधलं कॅल्शियम कार्बोनेट तीनवर, सोडा अडीचच्या जवळ, तुरटी दोनवर. दाताचं इनॅमल पाचच्या आसपास आहे, म्हणजे काच झिजवणारी पेस्ट असती तर तिनं आधी दात खाल्ले असते. अंड्याचं काचेवर काहीच होत नाही. वाळतं आणि वास येतो.

खोबरेल तेलाची गोष्ट मात्र समजून घ्यावी, कारण असे उपाय दाखवणाऱ्या व्हिडिओंतलं ‘आधी आणि नंतर’ त्यानंच जमतं. माझ्या काउंटरवरच्या काचेला वर्षानुवर्षं स्क्रू, नाणी, किल्ल्या घासून पांढऱ्या रेघा पडल्यात. बोटानं तेलाचा थेंब फिरवला की त्या खरंच नाहीशा होतात. साबणाच्या पाण्यानं पुसलं की जशाच्या तशा परत येतात. ओरखड्यात हवा असते तेव्हा प्रकाश तिथं विखुरतो आणि रेघ पांढरी दिसते. हवेच्या जागी तेल गेलं की प्रकाश जवळजवळ सरळ पार जातो, कारण काच आणि तेल दोघं प्रकाशाला सारखंच वाकवतात, काचेचा अंक 1.52 आणि तेलाचा 1.45 च्या जवळपास. रेघ दिसत नाही, चीर तिथंच असते. शेगडीवर तेल लावून ठेवलं तर त्यावर धूळ-मीठ चिकटेल आणि पुढच्या पुसण्यात नवे ओरखडे पडतील.

एक गोष्ट मला मान्य करावी लागेल, मनाविरुद्ध का होईना. काच पॉलिश होते. सेरियम ऑक्साइड नावाची फिकट पिवळसर-गुलाबी पूड पाण्यात कालवून, नमद्याच्या चाकावर, काच तापू न देता फिरवली तर अगदी वरवरच्या केसाएवढ्या रेघा जातात. चश्म्याच्या भिंगांपासून दुर्बिणीच्या आरशांपर्यंत हेच वापरतात. त्यात काही मायक्रॉनच काच निघते, म्हणून टफनलाही त्यानं मोठा धोका नाही. पण नख फिरवून बघा, नख अडकलं तर तो ओरखडा या कामाच्या पलीकडचा आहे. तेवढा खड्डा काढायचा तर काच एका जागी खोल जाते आणि आरपार बघताना लहर दिसते. मेसेजमध्ये लिहिलेलं ‘गाडीचं पॉलिश’ रंगासाठी असतं. त्याचा इथं संबंध नाही.

सहाव्या मुद्द्यातही अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्यानंच जास्त फसगत होते. आपल्या सुरत-धुळे-जळगाव हायवेवर पुढच्या डंपरमधली खडी उडून काचेला टिकली पडणं नेहमीचं आहे. तशी छोटी टिकली रेझिन भरून, अतिनील दिव्याखाली सुकवून थांबवता येते, ते मी नाकारत नाही. पण गाडीची पुढची काच टफन नसते, लॅमिनेटेड असते: दोन साध्या काचा आणि मधे प्लास्टिकचा पडदा. तडा वरच्या काचेत अडकतो, म्हणून भरायला काहीतरी उरतं. दाराच्या आणि बऱ्याच गाड्यांच्या मागच्या काचा टफन असतात. तिथं तडा गेला तर भरायला काचच उरत नाही, सगळी सीटवर सांडलेली असते.

मोबाइलच्या स्क्रीनवर चिकटवायच्या टेम्पर्ड काचेवरचं 9एच म्हणजे 9एच पेन्सिल. पेन्सिलींच्या कडकपणाची परीक्षा असते, तीत सगळ्यात कडक पेन्सिलनं रेघ उठली नाही एवढाच त्याचा अर्थ. हिरा ज्या मापावर दहा असतो, त्या मापाशी त्याचं नातं नाही. वाळूतला क्वार्ट्झ मोहसवर सात असतो, आणि आपल्याकडच्या खिशात, पिशवीत, गिरणेकाठच्या शेतातून आलेल्या बोटांवर तो कायम असतो. मोबाइलवर जो ओरखडा दिसतो तो खराच ओरखडा असतो, मळ नव्हे. एवढी पातळ काच हवेच्या झोतानं टफन होत नाही, तिला पोटॅशियमच्या तापलेल्या क्षारात बुडवून मजबूत करतात. दाबाचा थर मिमीच्या काही शतांशांइतकाच येतो. टूथपेस्ट चोळून बोटांचे ठसे न धरणारा लेप मात्र निघून जातो. शंभर-दीडशेची वस्तू आहे, बदला.

उन्हाळ्याची भीती खोटी आहे. भुसावळला 45 अंश झाले म्हणून टफन काच फुटत नाही, ती याहून कितीतरी जास्त सोसते. क्वचित एखादी काच कुणी हात न लावता फुटते. त्याचं एक माहीत असलेलं कारण म्हणजे काच बनताना आत राहिलेला निकेल सल्फाइडचा कण, जो वर्षांनंतर फुगतो. तो आत असतो, त्याला बाहेरून घासून काही होत नाही.

मग करायचं काय? केसाएवढी रेघ असेल तर तशीच राहू द्या, तिनं काही बिघडत नाही. गॅसवर वांगी भाजल्यावर काचेवर पडलेली जळकी सालं तारेच्या चोथ्यानं किंवा राखेनं खरवडू नका. बहुतेक घरांत पहिले ओरखडे तिथंच पडतात, चोथ्यात अडकलेल्या रेतीच्या कणांनी. काच थंड झाल्यावर कोमट साबणपाण्याचं फडकं थोडा वेळ ठेवा, सालं सुटून येतात. नख अडकणारा ओरखडा बर्नरजवळ किंवा कडेला असेल, तर काच बदला. कड हा टफन काचेचा सगळ्यात नाजूक भाग आहे. टफन झाल्यावर काच कापता येत नाही आणि तिला भोकही पाडता येत नाही, म्हणून बर्नरच्या भोकांसकट अचूक माप आधीच द्यावं लागतं. जुनी काच मापाला सोबत नेलेली बरी. नव्या काचेवर आयएस 2553 चा शिक्का आहे का ते विचारा, सेफ्टी काचेचं भारतीय मानक तेच आहे.

ज्यांनी पेपर मारून झालाय त्यांच्यासाठी: त्या बाजूचा बर्नर काच बदलेपर्यंत बंद ठेवा. त्यावर कुकर, जड पातेलं ठेवू नका, गरम असताना पाणी लागू देऊ नका आणि मुलांना शेगडीजवळ उभं करू नका. काच फुटलीच तर आधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा, पायात चप्पल घाला, मग आवरायला घ्या. त्या वेळी वर जे शिजत होतं ते टाकून द्या, तुकडे काढून खायचा प्रयत्न करू नका.