आखाडातली मरळ

सुन्यानं मोबाइल फिरवला. हातभर मरळ, जबड्यात गळाचा प्लास्टिकचा बेडूक. १९७२च्या दुष्काळात गावानं खणलेलं आमचं एवढंसं तळं, त्यात हा माल! पहिली पाच मिनिटं नुसती वाहवा.

"लागली कुठं?" तात्यांनी विचारलं.

"सांडव्याजवळ. वर लाल पिलांचा थवा फिरत होता. त्यात बेडूक टाकला, दुसऱ्या फेकीला आलीच."

"म्हंजे पोरांवर आलं म्हणून चावली. भुकेनं न्हाई. ह्यात तुझी कसली रे कला?"

झालं. कट्टा तापला.

"तात्या, मच्छीमार सोसायटीवाल्यांना विचारा," सुन्या उसळला. "त्यांनी रोहू-कटल्याचं बी, म्हणजे पिलं, सोडायचं आणि ह्या मरळीनं गिळायचं. मत्स्यतळीवाले तर बी सोडायच्या आधी मोहाची पेंड टाकून मरळ साफ करतात. मी फुकटात करतोय."

यात तथ्य आहे, नाही असं नाही. पण मला गप्प बसवेना. रोहू-कटला साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधरींनी माशांच्याच मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीचा अर्क टोचून त्यांची पैदास करून दाखवली, म्हणून आज बी विकत मिळतं. दर पावसाळ्याला पैसे मोजायचेच. मरळ मात्र इथंच, कडेच्या गवतात घर करते आणि पिलं राखत फिरते. राखणदार काढला की उरलेला थवा चिलापी (तिलापिया) माशाला आणि बगळ्याला आयता.

"आणि चिलापीला खाणार कोण?" बाळ्या मध्येच. "१९५२ला बाहेरून आणलेली जात. अंडी तोंडात घेऊन फिरते, मरत न्हाई. मरळ संपली तर तळ्यात तळहाताएवढी चिलापीच राहणार."

"कोकणच्या समुद्रात पैदाशीच्या दिवसांत, १ जून ते ३१ जुलै, बोटी बंद," तात्या म्हणाले. "आपल्याकडं काय, तर श्रावण. तोही आखाड हाणून झाल्यावर."

"श्रावण मी पाळतो!"

"तुझा श्रावण लागेपर्यंत पोरं राखायची तिनं, आणि ती तुझ्या कालवणात?"

सुन्या बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बरं, लाल थवा दिसला तर बेडूक टाकत न्हाई. पिलं काळी पडून पांगल्यावर बघू. चिलापीला मात्र माफी न्हाई."

"मग उद्या चिलापी तळून आण," तात्या उठत म्हणाले. "आखाडाचे चारच दिवस उरलेत."