टोल्यावर बीपी सापडू नये म्हणून

शहरवाल्यांचा बीपी लपत नाही, ते स्वतःच पैसे मोजून तपासून घेतात. गडचिरोलीतल्या एखाद्या टोल्यावर, म्हणजे छोट्या पाड्यावर मात्र तो दिसू न देणं तुमच्या हातात आहे. आधी एक वाक्य पाठ करा: "जंगलातली हवा, दिवसभर कष्ट, यांना कसला आलाय बीपी!" निम्मं काम इथेच झालं.

मग कफ, म्हणजे बीपी मोजताना दंडाला गुंडाळतात तो पट्टा. २२ ते ३२ सेंमी दंडाचा, सगळीकडे मिळतो तोच न्या. समोरच्या बाईचा दंड १९ सेंमीचा असला तरी तोच गुंडाळा. दंडापेक्षा मोठा कफ आकडा कमी दाखवतो. काठावरचा बीपी गुपचूप नॉर्मलच्या रांगेत जाऊन बसतो. लहान कफ मागवायचा तर मागणीपत्र लिहावं लागेल. कशाला?

आता आशाताईंचा सीबॅक फॉर्म, म्हणजे बीपी-शुगरसारख्या आजारांचा धोका गुणांत मोजणारा कागद. बाई ४२ वर्षांची, वयाचे २ गुण. रोज खर्रा (सुपारी-तंबाखू घोटून केलेला), त्याचे २. (गुटखाबंदी २०१२ पासून आहे, म्हणजे पानठेल्यावर पन्नीत घोटतात ते बहुधा च्यवनप्राश.) दारू नाही, ०. कंबर ८० सेंमीच्या आत, ०. दिवसभर शेतात, ०. आईवडिलांना बीपी, शुगर, हृदयविकार? त्यांच्या दंडाला कफ कधी लागलाच नाही, म्हणून "नाही" लिहा, ०. "हो" असतं तर २ गुण वाढले असते! बेरीज ४. तपासणीला प्राधान्य ४ च्या वर मिळतं. सुटलात.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे पहिली चाळणी, पॉझिटिव्ह आली की तिथेच थांबा. वाहक की रुग्ण, हे तिला कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली तपासणी लागते. निर्मूलनाची मुदत २०४७ आहे, घाई काय? एसएस रुग्णाची, म्हणजे नुसता वाहक नव्हे तर खुद्द आजार असलेल्याची शुगर तर एचबीएवनसीवरच मोजा, म्हणजे तांबड्या पेशींना चिकटलेल्या साखरेवर. त्याच्या तांबड्या पेशी १२० दिवसांऐवजी १०-२० दिवसांतच संपतात, साखर चिकटायला सवडच मिळत नाही. रिपोर्ट झकास येतो.

एवढं करूनही कुणाचा बीपी सापडलाच, तर गोळ्या ३० दिवसांच्याच द्या. तो मिरची तोडायला तेलंगणात दोन-तीन महिने जाणार, हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. तुम्ही विचारू नका. जास्तीच्या गोळ्या नकोत, तिकडच्या दवाखान्यासाठी चिठ्ठीही नको. रजिस्टरात "रुग्णाने उपचार सोडला" असा शेरा मारा. अंगावरून वारं जाऊन परतला, तर त्याचा रकाना दुसऱ्या रजिस्टरात आहे.