धरण उशाला, कोरड घशाला

शनिवारी, 18 मे 2024 रोजी संध्याकाळी पाच वाजून बावन्न मिनिटांनी मी आमच्या भागातल्या वाइन शॉपसमोर रांगेत अकरावा होतो. मी पिणारा माणूस नाही. म्हणजे कोणी आलं तर बसतो, एवढंच. पण पुण्याहून दाजी निघाले होते. दाजी म्हणजे 'कोणी आलं तर' या वर्गातले सर्वोच्च पाहुणे.

सोमवारी 20 तारखेला नाशिकचं लोकसभेचं मतदान होतं. मतदान संपायच्या आधीचे 48 तास दारूविक्री बंद, हे मला माहीत होतं. पण हे 48 तास मागे मोजले की शनिवारची संध्याकाळ उजाडते, हे गणित मी केलं नव्हतं. ते सौ.ने साडेपाचला चहा देताना केलं. "अहो, सहाला बंद होतं ना सगळं?" तिला आनंद झाला होता की काळजी, हे अजून कळलेलं नाही.

रांग सरकत होती. माझ्या पुढचा गृहस्थ असा माल घेत होता, जणू आचारसंहिता दिवाळीपर्यंत चालणार आहे. कोपऱ्यावर प्रचाराची रिक्षा शेवटचा घसा ताणत होती, कारण प्रचारही त्याच ठोक्याला संपतो. "मामा, लवकर बोला," काउंटरवरचा पोरगा म्हणाला. "चार पाइंट, गार," मी म्हणालो आणि स्कॅनरवर मोबाइल धरला. गोल चक्र फिरायला लागलं. फिरतच राहिलं. तेवढ्यात रिक्षातलं गाणं कडव्याच्या मधोमध तुटलं, गल्ली एकदम गप्प झाली आणि डोळ्यांसमोर शटर खाली आलं. शटर जमिनीला टेकलं आणि मोबाइल टिंग वाजला : पेमेंट यशस्वी.

मी शटर वाजवलं.

"मामा, सोमवारी सहाला या," आतून आवाज आला. "मोबाइल आणा फक्त."

म्हणजे आता मी चार बाटल्यांचा कायदेशीर मालक होतो. बाटल्या शटरच्या आत, मालक बाहेर.

दाजी साडेसातला पोचले, तेही वैतागून. शिंद्याच्या टोलनाक्याजवळ तपासणी पथकाने गाडी अडवली होती. "डिकीत काय?" असं विचारल्यावर दाजी सरळपणे म्हणाले, "दोन पेट्या आहेत. मेव्हण्यांना पोचवायच्यात." निवडणुकीच्या तोंडावर, महाराष्ट्रात, पोलिसासमोर 'पेट्या'! सगळी गाडी रिकामी करवली. पेट्यांतून हापूस निघाला तेव्हा पथकातला एक जण जरा हिरमुसला म्हणे.

"पुण्याहूनच काही आणलं असतं तर?" मी चाचरत विचारलं. पुण्याचं मतदान 13 तारखेलाच उरकलं होतं, तिथे सगळं उघडं होतं.

"अहो मेव्हणे, नाशिक म्हणजे वाइनची राजधानी म्हणता तुम्ही! इथं बाटली घेऊन यायची म्हणजे लासलगावला कांदा घेऊन जाण्यातला प्रकार."

मी त्यांना परिस्थिती सांगितली. दाजींनी खिडकीतून गंगापूर धरणाच्या दिशेने पाहिलं. तिकडे द्राक्षांचे मळे, वाइनच्या टाक्या, टेस्टिंग रूम आणि सगळीकडे टाळं. "धरण उशाला," ते म्हणाले आणि पुढचं म्हणायच्या आधी पाणी मागितलं.

रविवारी सकाळी मिसळ खाऊन घामाघूम झालेले आम्ही तिघं (मी, दाजी आणि भाचा) मोबाइलवर नकाशा उघडून बसलो. भाचा बावीस वर्षांचा. महाराष्ट्रात अठराव्या वर्षी सरकार निवडता येतं, एकविसाव्या वर्षी बिअर निवडता येते आणि व्हिस्कीला पंचवीस पूर्ण लागतात. आमदारकीलाही नेमके तेवढेच. बिअरपुरता सज्ञान झालेला हा मुलगा मतदारसंघांच्या हद्दी मोठ्या निष्ठेने शोधत होता.

"मामा, घोटी-इगतपुरी?"

"ते नाशिकमध्येच."

"निफाड, येवला, कळवण?"

"दिंडोरी मतदारसंघ. त्यांचंही सोमवारीच."

मालेगाव धुळ्यात मोडतं, तिथंही तेच. जव्हारकडे जावं तर पालघर, तेही सोमवारीच. मुंबईची तर गोष्टच नको. सापुताऱ्याला रस्ता झकास, पण पलीकडे गुजरात. तिथलेच लोक शनिवार-रविवारी घसा ओला करायला आपल्याकडे येतात. सेल्वासला मिळाली असती, पण ती राज्याच्या हद्दीतून आत आणणं म्हणजे वेगळंच कलम. पंचवीस वर्षं नाशिकमध्ये राहून जिल्ह्याचा राजकीय भूगोल मला कोणी इतका चोख शिकवला नव्हता.

"संगमनेर!" भाचा ओरडला. संगमनेर शिर्डी मतदारसंघात. त्यांचं मतदान पुण्याबरोबरच आटोपलेलं. सिन्नर ओलांडून थोडं पुढे गेलं की झालं. एका बाजूने साठ-सत्तर किलोमीटर.

स्वयंपाकघरातून सौ.चा आवाज आला, "उद्या आपलं बूथ कुठल्या शाळेत आहे, सांगा बरं?"

मला सांगता आलं नाही. संगमनेर तिथेच बारगळलं.

शेवटचा उपाय म्हणजे वरच्या मजल्यावरचे सुभेदार काका. देवळालीच्या तोफखान्यातून निवृत्त, दर महिन्याला कॅन्टीनमधून कोटा आणतात आणि तो इतका बेताने वापरतात की कपाटात गेल्या वर्षीची रमसुद्धा सापडावी. संध्याकाळी दाजींना घेऊन वर गेलो. काकांनी बसवलं. मी विषयाला लाजत हात घातला.

काका उठले, चष्मा लावला आणि मोबाइलवर काहीतरी काढून माझ्यापुढे धरलं. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951. कलम 135 क.

"वाच. मोठ्यांदा वाच."

इंग्रजी अडखळत वाचलं. विकायची नाही. द्यायची नाही. वाटायची नाही. हॉटेल, खानावळ, दुकान किंवा कुठलीही जागा, सार्वजनिक वा खाजगी. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 2000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

"'द्यायची नाही' वाचलंस ना? आणि 'खाजगी'? ही खाजगी जागा आहे. तू मतदार आहेस. मी उद्या सकाळी सातला पहिला नंबर लावणार आहे. मग?"

"पण काका, मी कुणाला मत द्यायचं हे तुम्ही कुठं सांगताय?"

"रम घेतल्यावर विचारशीलच ना मला."

यावर उत्तर नव्हतं. काकांनी रेजिमेंटचं चिन्ह असलेले चार जाड बुडाचे पेले काढले, त्यांत बर्फ टाकला आणि वरून कोकम सरबत ओतलं. रंग इतका हुबेहूब की दाजींनी बोटाने बर्फ ढवळला, पेला उचलला आणि सवयीने "चिअर्स" म्हणाले. काका म्हणाले, "जय हिंद." चौथा पेला भाच्यासाठी होता. तो खालीच थांबला होता, इथला मतदार नसूनही शरमेने.

सोमवारी सौ. आणि मी, दोघांनी मतदान केलं. बूथ घरापासून तीन गल्ल्यांवर होतं, त्या वाइन शॉपच्या बरोबर मागे. तीन वाजता दाजी आणि भाचा निघाले. पाच चाळीसला मी पुन्हा त्याच रांगेत उभा होतो. पुढच्या प्रत्येकाच्या डाव्या तर्जनीवर शाई. दाजींचा फोन आला. "अहो मेव्हणे, संगमनेरला पोचलो. इथं सताड उघडं आहे हो!" मागून भाचा हसत होता.

सहा वाजता शटर उघडलं. पोराने माझा मोबाइल पाहिला, चार बाटल्या काढल्या. हात लावला तर कोमट. "दोन दिवस फ्रीज बंद होता, मामा. गिऱ्हाईक नाही तर लाइट कशाला?"

बाटल्या घरच्या फ्रीजमध्ये दुधामागे तासभर ठेवल्या आणि वर काकांकडे नेल्या. आता देणं कायदेशीर होतं. शेवटची बाटली उघडताना पुन्हा दाजींचा फोन.

"मेव्हणे, असं नाही चालायचं. निकाल बघायला तुमच्याकडेच येतो. चार जून, मंगळवार. सकाळपासून बसू. तुम्ही काही आणू नका, नाशिकमध्ये पोचलो की मीच घेतो."

मी काकांकडे पाहिलं. काकांनी मान वळवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. चार जूनवर लाल पेनाने गोल होता आणि त्यात त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं : 'मतमोजणी. ड्राय.'

"या की, दाजी," मी म्हणालो. "आंबे तेवढे आणा."