लिख्टेनस्टाइनला तासभर पुरत नाही

एका लेखात वाचलं की स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या मधलं लिख्टेनस्टाइन तासाभरात बघून होतं. मला नाही पटलं. झुरिकहून इन्सब्रुकला गाडीने जाताना आम्हीही तेवढाच वेळ धरला होता, पण शेवटी मुक्काम केला. देश जेमतेम 160 चौरस किलोमीटरचा, विमानतळ नाही, चलन स्विस फ्रँक, आणि स्वित्झर्लंडकडून शिरताना कोणी अडवतही नाही. राजधानी वाडुझच्या किल्ल्यात राजघराणं आजही राहतं, म्हणून आत सोडत नाहीत. खालूनच फोटो काढून लोक निघतात, तिथेच चुकतात.

ऱ्हाइन नदीवरचा 1901 सालचा लाकडी पूल चालतच ओलांडा. 135 मीटर लांब, वर छप्पर, फळ्यांच्या फटींतून खाली पाणी दिसतं. मधोमध स्वित्झर्लंडची सीमा. माझी आई एक पाय अलीकडे, एक पलीकडे ठेवून किती तरी वेळ उभी होती, तिचा चेहरा अजून आठवतो.

मग ट्रीझनबर्ग गावाची वळणं चढून, बोगद्यातून मालबुन या डोंगरातल्या गावाला गेलो. उंची 1600 मीटर, रस्ता तिथेच संपतो. पहाटे जाग आली ती गायींच्या गळ्यातल्या घंटांनी. एक रात्र तरी वरच काढा, खरंच सांगते.