डिस्क कॉम्प्युटरला जोडायचं ते कार्ड, नाही म्हणायला काय झालं होतं त्याला?

अकरा महिने. काकांनी शूट केलेल्या दशावताराच्या टेपा कॉम्प्युटरवर उतरवत होतो. अकरा महिने एक दिवसाआड रात्री जेवण झालं की बसायचो, कॅमेऱ्यात टेप घालायचो आणि तासभर त्या स्क्रीनसमोरून हलायचो नाही. मंगळवारी रात्री १७० वी टेप संपली. बुधवारी सकाळी मशीन चालू केलं तर विंडोज विचारतंय, डिस्क इनिशियलाइझ करायची का? म्हणजे डिस्क कोरी आहे! चार टीबीची डिस्क, अर्ध्याच्या वर भरलेली, आणि मला सांगतात कोरी आहे!

आता कृपा करून कोणी "जुनं मशीन वापरलंस कशाला" म्हणू नका. गेला आठवडा हेच ऐकतोय. मिनी डीव्हीच्या, म्हणजे जुन्या हँडीकॅमच्या छोट्या टेपा फायरवायर नावाच्या केबलनं उतरवाव्या लागतात आणि आजच्या लॅपटॉपला ते भोकच नाही. माझ्याकडे २००७ सालचा डेस्कटॉप आहे, त्यात फायरवायर कार्ड आहे, ते आजही चोख चालतं. म्हणून ते मशीन ठेवलंय. डिस्क मोठी हवी होती, कारण डीव्हीला तासाला साधारण १३ जीबी लागतात. म्हणून चार टीबीची डिस्क घेतली आणि ती जोडायला एक पीसीआय साटा कार्ड (साटा म्हणजे डिस्क जोडायची पद्धत, जुन्या मशीनच्या पीसीआय खाचेत बसणारं). दुकानदाराला मी तोंडानं विचारलं होतं, "चार टीबी चालेल ना यावर?" "चालेल हो दादा, साटा म्हणजे साटा." खोक्यावरही तेच, सगळ्या साटा डिस्क चालतात. किती मोठी चालते याचा एक आकडा नाही, कुठेही नाही, आतल्या कागदावरसुद्धा नाही.

आणि डिस्क दिसली हो! पूर्ण चार टीबी दिसली. हाच माझा संताप आहे. काहीजणांची तीन टीबीची डिस्क जुन्या कंट्रोलरवर, म्हणजे डिस्क सांभाळणाऱ्या चिपवर, ७४६ जीबीचीच दिसते. त्यांना मनस्ताप होतो, पण निदान पहिल्याच दिवशी कळतं की काहीतरी बिघडलंय. मला कळूच दिलं नाही.

झालं काय ते सांगतो. डिस्कवर माहितीचे छोटे कप्पे असतात, सेक्टर म्हणतात त्यांना, आणि प्रत्येक सेक्टरला नंबर असतो. ३२ बिटांत, म्हणजे शून्य-एकच्या ३२ घरांत, ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ नंबर बसतात, एका सेक्टरचे ५१२ बाइट, म्हणजे २.२ टीबी. त्याच्या पुढचा नंबर आला की या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, वरचे बिट सरळ टाकून देतो. एरर नाही, साधी सूचना नाही. वरचे बिट गेले की उरतो शून्य, म्हणजे डिस्कचा अगदी पहिला सेक्टर. १७० वी टेप उतरत होती तेव्हा तिचा शेवट डिस्कच्या सुरुवातीवर लिहिला जात होता. आधी पार्टिशन टेबल (डिस्कचे भाग कुठून कुठे याची नोंद) गेलं, मग फाइलींची यादी गेली, मग पहिली टेप. आणि मी समोर बसून चित्र बघतोय, फ्रेम एकही गळत नाहीये, सगळं व्यवस्थित! जुनी माहिती मेमरीत होती म्हणून मशीन बंद करेपर्यंत काही कळलंच नाही.

हे काय पहिल्यांदा होतंय का? पूर्वी डिस्कचा आकार ५२८ एमबीला अडकला होता, मग ८.४ जीबीला अडकलं, ३३.८ ला तर काही बायोस (मशीन सुरू करणारे प्रोग्राम) डिस्क शोधतानाच गोठायचे. मग १३७ जीबी, कारण नंबराला २८ बिटच दिलेले. तेव्हाही लोकांच्या डिस्का अशाच सुरुवातीपासून पुसल्या गेल्या होत्या. त्यातून शहाणपण येऊन २००२ च्या सुमारास ४८ बिट आले. माझ्या डिस्कला ४८ बिट कळतात. साटाच्या कमांडमध्ये ४८ बिटांची जागा आहे. आणि मधल्या एका ड्रायव्हरमध्ये कोणीतरी ३२ बिटांचा डबा ठेवला आणि त्यात मावत नाही ते फेकून दिलं! नंबर मावत नसेल तर नाही म्हण ना बाबा. लिहिणार नाही म्हण. एक ओळ तपासायची होती कोडमध्ये, एक ओळ!

बॅकअप नव्हता, मान्य. सगळ्या टेपा उतरल्या की दुसरी डिस्क घेऊन कॉपी करणार होतो, त्या डिस्कचे पैसे बाजूला ठेवले होते. पण म्हणून कार्डाला खोटं बोलायची मुभा मिळते का?

आणि गेलं काय ते ऐका. काकांनी सिंधुदुर्गातल्या जत्रांमधून सात-आठ वर्षं दशावतार शूट केला. एका रात्रीच्या पाच-सहा टेपा, पहाट होईपर्यंत. कोकणातली दमट हवा, टेपांना बुरशी आलेली, पांढरे ठिपके. कितीतरी टेपा एकदाच चालल्या. पहिली टेप आड दशावताराची, म्हणजे मुख्य कथेआधीच्या भागाची होती. ट्यूबलाइटच्या उजेडात शंखासुर येतो, पोरं ओरडतात, पेटीवाल्या बुवांचा चेहरा दोन मिनिटं जवळून दिसतो. ते बुवा आता नाहीत. त्यांच्या मुलाला मी शब्द दिला होता की क्लिप पाठवतो.

मित्राच्या नव्या लॅपटॉपला डिस्क लावली. पार्टिशन टेबलची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते, ती शाबूत होती. चार दिवस स्कॅन चालवून बहुतेक टेपा मिळाल्या, नावं नाहीत, तारखा नाहीत, एकेक उघडून ओळखायची. पहिली टेप नाही. तिच्या जागी १७० व्या टेपेचा शेवट आहे.

दुकानदाराला फोन केला. म्हणाला, "दादा, कार्ड बदलून देतो, घेऊन या." काल रात्री पहिली टेप पुन्हा कॅमेऱ्यात घातली. अर्धा मिनिट निळा स्क्रीन, मग करकर आवाज. बाहेर काढली तर फीत चुरगळून कॅमेऱ्यातल्या फीत वाचणाऱ्या हेडला चिकटलेली होती.