आईच्या कालनिर्णयावरचे पाच चौकोन

लालबागच्या घरी आई एकटी राहते आणि रोजचं बीपी कालनिर्णयाच्या चौकोनांत पेन्सिलीने लिहून ठेवते. मागच्या पावसाळ्यात सलग पाच चौकोनांत वरचा आकडा 180 च्या पुढे होता. कोणीच पाहिलं नाही. सहाव्या दिवशी तिला ॲडमिट करावं लागलं. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, 5 लाखांपर्यंतचं संरक्षण देणारं आयुष्मान वय वंदना कार्ड 2024 पासून मिळतं. ते हॉस्पिटलात कामाला येतं, घरचे चौकोन वाचायला नाही.

तेव्हापासून फोनवर बदलापूरच्या दादाशी माझा एकच वाद चालू आहे. घरबसल्या देखरेखीची सोय, म्हणजे पेशंटच्या घरच्या मशिनचे आकडे दवाखान्यात कोणीतरी बघायचे, ती सरकारने दिलीच, तर ती रेशनकार्डाचा रंग बघून द्यावी, नाहीतर पैसा पुरणार नाही, असं तो म्हणतो. पैसा पुरणार नाही हे खरंच. पण चाळणी कशाची लावायची?

मी अमेरिकेत, न्यू जर्सीत नर्स आहे, हेच देखरेखीचं काम करते. इथे या सेवेसाठी मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, उत्पन्न विचारत नाही. पेशंट त्या डॉक्टरांचा आधीपासूनचा हवा, त्याची संमती हवी, बिल एकाच डॉक्टरने लावायचं आणि आकडा मशिनमधून आपोआप यायला हवा. 2025 संपेपर्यंत 30 दिवसांत किमान 16 दिवसांचे आकडे आल्याशिवाय डॉक्टरांना मशिनचे पैसे मिळत नसत. महिनाअखेरीचे आमचे फोन तब्येत विचारायला कमी, दिवस भरायला जास्त असायचे, याचं मला फार वाईट वाटायचं. 2026 पासून 2 ते 15 दिवसांसाठीही बिलाचा वेगळा कोड आला, ते बरं झालं.

दुखणं मात्र वेगळंच आहे. 2024 मध्ये अमेरिकी आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांना आढळलं, की ही सेवा घेणाऱ्या सुमारे 43 टक्के पेशंटना तिचे तिन्ही भाग मिळाले नव्हते: वापर शिकवणं, मशिन देणं आणि आकडे बघून उपचार ठरवणं.

म्हणून मुंबईत रेशनकार्डाची अट नको, स्मार्टफोनचीही नको. नुकता डिस्चार्ज मिळालेले, गोळ्या घेऊनही बीपी आटोक्यात नसलेले, घरात एकटे असलेले, यांचा नंबर आधी. महापालिकेच्या ज्या ‘आपला दवाखान्या’ला आकडे बघायला माणूस नेमता येत नाही, त्याने मशिनं वाटूच नयेत. आणि फोनवर तोंडी सांगितलेला आकडाही धरावा.

लोक खोटे आकडे सांगतील, असं दादा म्हणतो. सांगतील काही जण. आईचे पाचही खरे होते.