उत्तर : ‘100 सांगतात, 9 देतात’ या रिव्ह्यूबद्दल

सर, नमस्कार.

गणपतीच्या दिवसांत आपल्याला आणि घरच्यांना जो त्रास झाला त्याबद्दल दिलगीर आहोत. आपला रिव्ह्यू वाचला. ‘100 चा प्लॅन सांगतात आणि 9 देतात, महिना 707 रुपये उकळतात, तक्रार केली तर तीन दिवस फिरकत नाहीत, सगळे चोर आहेत.’ 100 आणि 9 म्हणजे नेटचा वेग, सेकंदाला मेगाबिटमध्ये. खाली स्पीड टेस्टचा फोटो आणि एक स्टार. फोटो सगळे बघतात म्हणून उत्तरही सगळ्यांसमोरच देतो आहे, राग मानू नये.

शनिवारी आणि रविवारी संध्याकाळी नेट संथ होतं, हे खरं आहे आणि ते फक्त आपल्याकडे नव्हतं. चिपळूणला आमच्या दोन लाइनी येतात. एक मुंबई-गोवा हायवेच्या कडेने, दुसरी कऱ्हाडहून कुंभार्ली घाटाने. हायवेच्या चौपदरीकरणात जेसीबीने फायबर कुठे तुटेल याचा नेम नाही. ती लाइन गेली की सगळा भार घाटाच्या लाइनीवर येतो. नेट बंद पडत नाही, पण रात्री आठ ते अकरा रडतखडत चालतं. त्यात गणपतीला चाकरमानी आलेले, एकेका घरात पंधरा-पंधरा मोबाइल. आपणही पुण्याहून आला होतात, त्यामुळे वाडीत किती गर्दी होती ते आपण पाहिलंच आहे. सोमवारी पहाटे हायवेवर भर पावसात प्लास्टिकचा कागद धरून आमच्या कामावरच्या मुलांनी स्प्लाइसिंग केलं, म्हणजे तुटलेली फायबर जोडली, आणि सकाळी लाइन सुरू झाली.

आता त्या 9 बद्दल. बाकी काहीही लिहिलं असतंत तरी चाललं असतं, पण हा आकडा मनाला लागला.

आपला फोटो सोमवारी रात्री 11 वाजून 20 मिनिटांचा आहे, वेळ वर कोपऱ्यात दिसते. म्हणजे लाइन दुरुस्त झाल्यानंतरचा. त्याच कोपऱ्यात वायफायच्या दोन काड्या दिसतात. मंगळवारी आमचा मुलगा घरी आला तेव्हा आपण मागच्या पडवीतल्या खोलीत कामाला बसला होतात आणि टेस्ट तिथेच घेतली असं त्याला सांगितलंत. राउटर ओटीवर. मध्ये माजघर आणि स्वयंपाकघर. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, जुन्या, दीड फुटी, भाद्रपदात पाणी पिऊन बसलेल्या. बसवताना राउटर ओटीच्या खांबाला उंचावर लावला होता. आता तो शोकेसमध्ये, काचेच्या आत, पितळी समईच्या मागे आहे. आईंना ती लुकलुक आवडत नाही असं मुलाला सांगण्यात आलं. त्यांचं चुकलं असं माझं मुळीच म्हणणं नाही, घर त्यांचं आहे. पण ओटीवरचा कंदील कपाटात ठेवून मागच्या पडवीत उजेड का पडत नाही असं विचारलं तर मी काय सांगणार?

वायफायचे दोन बँड असतात. 5 गिगाहर्ट्झचा वेगवान, पण भिंत आली की दमतो. 2.4 चा लांब जातो, पण त्याचा वेग मुळातच कमी. तिकडे मागे फोन आपोआप 2.4 वर जातो, आणि त्यावरही तीन भिंती पार करून जे उरतं ते 9.

मुलाने काय मोजलं तेही लिहितो. आत आलेल्या फायबरची पॉवर, म्हणजे तिच्यातून प्रकाश किती जोरात येतो ते, मीटरवर वजा 21 डीबीएम आली. वजा 27 पर्यंत ओएनयू, म्हणजे घरातला फायबर जोडायचा डबा, व्यवस्थित चालतो. मग लॅपटॉपला लॅनची वायर लावून टेस्ट घेतली, ती 94. पूर्ण 100 का नाही, तर आपल्या राउटरचे पोर्टच 100 चे आहेत, त्यातून 94-95 च्या वर येत नाही. हा आकडा आपल्या वडिलांसमोर आला. त्यांनी कागदावर सही केली, मुलाला चहाही दिला. काका आमचे केबलच्या काळापासूनचे ग्राहक. त्यांना ‘चोर’ शब्द वाचून काय वाटलं असेल हे मला विचारवत नाही.

मे महिन्यात आपण ‘डाउनलोडला 11 च दाखवतो’ म्हणून फोन केला होतात. ते मेगाबाइट होते, 8 ने गुणले की 88 मेगाबिट होतात. तेव्हा आपण हसून ‘हो का, बरं’ म्हणालात. ते हसणं रिव्ह्यूत कुठे आलं नाही, असो.

आमच्याकडच्या यंत्राच्या एका पोर्टचं अडीच गिगाबिट, म्हणजे 2500 मेगाबिट, त्यावरच्या सगळ्या घरांत वाटलं जातं. त्यावर 64 घरं बसवता येतात, आम्ही 32 च्या वर जात नाही. 100 म्हणजे ‘100 पर्यंत’, हे फॉर्मवर आहे. चोवीस तास अखंड 100 हवं तर लीज्ड लाइन, म्हणजे कोणाशी न वाटलेली स्वतंत्र लाइन, घ्यावी लागते. तिचा दर ऐकून आपणच मला परत फोन करणार नाही.

707 पैकी 599 आमचे. 108 रुपये जीएसटी सरकारला जातो, तो मी उकळत नाही. आणि लिहिणार नव्हतो, पण विषय आपणच काढलात. रिचार्ज उशिरा आला म्हणून आपली लाइन आम्ही कधी तोडलेली नाही. ‘पुण्याहून पाठवतो’ एवढ्या शब्दावर चालू ठेवली. मोठ्या कंपनीचं सॉफ्टवेअर रात्री बारा वाजता न विचारता बंद करतं.

तीन दिवसांचं म्हणाल तर शनिवारची तक्रार आपण ज्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप केली तो ऑफिसचा नाही, आमच्या एका मुलाचा स्वतःचा आहे आणि तो गणपतीला त्याच्या गावी होता. बिलावर ऑफिसचा नंबर छापलेला आहे. सोमवारी निरोप मिळाल्यावर दुपारी माणूस आला, तर घराला कुलूप. शेजारच्या काकू म्हणाल्या, सगळे विसर्जनाला गेलेत. देवाच्या कामाला गेलात, त्यात आक्षेप नाही. पण ‘फिरकत नाहीत’ हा शब्द बरोबर नाही.

22 जुलै 2021 ला आमचं ऑफिस पाण्याखाली होतं. स्विच, बॅटऱ्या, स्प्लाइसिंग मशीन, सगळं चिखलात गेलं. त्यानंतर कर्ज काढून धंदा परत उभा केला. आता मोठ्या कंपन्या फुकट राउटर देतात आणि नवीन माणूस जोडणी घेण्याआधी मोबाइलवर स्टार बघतो. आपला एक स्टार आमच्या हप्त्याच्या तारखेपर्यंत पोहोचतो, एवढंच सांगायचं होतं.

सुधारणा आम्हीही करतो आहोत. सणासुदीला जादा माणूस ठेवण्याचा विचार चालू आहे, घाटाच्या लाइनीची क्षमता वाढवण्याबद्दल वरती बोलणी झाली आहेत, तक्रारीसाठी वेगळा व्हॉट्सअ‍ॅप नंबरही लवकरच येईल. माकडं झाडावरून वायरी ओढतात त्यावर अजून तरी उपाय सापडलेला नाही.

आपल्यापुरतं सांगायचं तर मागच्या पडवीपर्यंत लॅनची वायर टाकून तिथे दुसरा छोटा राउटर लावावा लागेल. वायरीचे पैसे होतील, लावायचे घेणार नाही. तोवर समई तेवढी दुसऱ्या फळीवर ठेवा, आईंना माझा नमस्कार सांगून. शनिवारी आमचा मुलगा आपल्या वाडीत येणार आहे. घरी कोणी असेल का ते ऑफिसच्या नंबरवर कळवावं. कोणी नसेल तर चावी शेजारच्या काकूंकडे ठेवली तरी चालेल, त्या त्याला ओळखतात. वायर टाकून झाली की त्याच खोलीत, त्याच फोनवर पुन्हा टेस्ट घ्या आणि जो आकडा येईल त्याचा फोटोही इथेच टाका.

आपला,
केबल व इंटरनेट सेवा, चिपळूण